नेस्टेडराव

लिनक्स कर्नलच्या नेटवर्क भागात काम करणाऱ्या बहुतेक चमूंत एखादे नेस्टेडराव असतातच. लॉकडेप या कर्नलमधल्या लॉक-तपासनिसाने लॉगमध्ये ‘पॉसिबल रिकर्सिव्ह लॉकिंग डिटेक्टेड’ असं छापलं की बाकीचे खुर्चीत सावरून बसतात. नेस्टेडराव आधी चहा संपवतात. “फॉल्स पॉझिटिव्ह आहे हो!” निदान झालेलं असतं, लॉग तेवढा वाचायचा राहिलेला असतो.

वाईट एवढंच, की बऱ्याचदा त्यांचं खरं निघतं. २००६ साली २.६.१८ या आवृत्तीत आलेला लॉकडेप लॉकना नावाने ओळखतच नाही, आडनावाने ओळखतो. इथरनेट कार्डावर बाँड, बाँडवर व्हीलॅन अशी उतरंड रचली, की पत्त्यांची यादी खाली पोचवताना वरच्याचं लॉक धरून ठेवूनच खालच्याचं घ्यावं लागतं. लॉक दोन, आडनाव एक. लॉकडेपला वाटतं, हा गडी हातातलंच लॉक पुन्हा मागतोय. आता सीपीयू जागच्या जागी गरगरत बसणार.

नेस्टेडरावांचा उतारा ठरलेला. लॉक घेणाऱ्या फंक्शनच्या शेपटाला ‘नेस्टेड’ जोडायचं, कंसात ‘सिंगल डेप्थ नेस्टिंग’ ही पातळी टाकायची. लॉकडेप गप्प! पॅचच्या वर्णनात एकच ओळ: वॉर्निंग घालवली. कशी, असं विचारणारा त्यांच्या मते खडूस.

मग कुणीतरी व्हीलॅनवर आणखी एक व्हीलॅन चढवतो. दोन्हीकडे पातळी तीच, म्हणून बोंब पुन्हा सुरू. बरं, पातळी मोजून द्यावी, तर उपकरण इकडचं काढून तिकडे जोडलं की ती बदलते. शिवाय लॉकडेपकडे पातळ्या आठच. २०१९ मध्ये उपकरणागणिक स्वतंत्र ‘की’, म्हणजे स्वतंत्र आडनाव, देऊन पाहिली. २०२० मध्ये त्यातलं बरंच मागे घेऊन मंडळी पातळ्यांकडे परतली. “मी सांगत होतो!” म्हणाले नेस्टेडराव. काय सांगत होते, देव जाणे.

मला खटकतं ते वेगळंच. लॉकडेप पहिली तक्रार छापतो आणि मशीन रीबूट होईपर्यंत तोंड मिटून बसतो. खोटी तक्रार तशीच राहू दिली, तर तिच्यामागून येणारा खरा डेडलॉक तो सांगणारच नाही. पातळी चुकीची देऊन त्याला गप्प केलं, तरी तेच.

तेव्हा नेस्टेडरावांचा पॅच तपासायला आलाच, तर वॉर्निंग गेली का, हे विचारू नका. वरचं लॉक आधी, खालचं नंतर, हा क्रम उलटा करणारी वाट कोडमध्ये कुठेच नाही कशावरून, ते लेखी मागा.