बोट थांबते कुणासाठी?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून क्रूझवर जाणं आता सोपं झालंय. हायवे धरायचा, पुढे फ्रीवे, आणि ट्रॅफिकला दया आली तर बॅलार्ड पिअर. सप्टेंबर 2025 मध्ये इंदिरा डॉकवरच्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटनही झालं. विमानतळासारखंच चकचकीत. बोटीत चढण्याचा प्रश्न सुटला. बंदरात उतरून काय करायचं, हा शिल्लक आहे.

बोट बंदरात थांबते सात-आठ तास. तेवढ्यात एक अख्खं शहर बघायचं. आपली दादरला साडीखरेदीही तेवढ्यात होत नाही.

इथे दोन पंथ पडतात. पहिला बोटीच्या काउंटरवर स्थळदर्शनाचे पैसे भरतो, छातीवर नंबराचा स्टिकर लावतो आणि झेंडीच्या मागे चालू लागतो. दुसरा फोनवर नकाशा उघडतो आणि पहिल्याकडे दयाबुद्धीने बघतो. संध्याकाळी दोघे बुफेपाशी भेटतात. दोघेही थापा मारतात.

गोव्याचंच घ्या. सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलियाची बोट मुंबईहून सुटू लागली. ‘एम्प्रेस’ नावाची ही बोट 1990 ची. म्हणजे तिच्या डेकवर बॅचलर पार्टी करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची ती ताई लागते.

ही बोट लागते मुरगावला. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. दरवर्षी कवळ्याला शांतादुर्गेची ओटी भरायला जाणारं कुटुंब या धक्क्यावर उतरलं की एकदम परदेशी होतं. गोव्यात ज्यांचे चार मावसभाऊ आहेत, तेही स्टिकर लावून जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेसमोर उभे. गाइड हिंदीत इतिहास सांगतो, आजी मालवणीत दुरुस्त करते. पैसे मात्र गाइडलाच.

आणि स्वतंत्र बाण्याचे लोक? त्यांनी फाटकाबाहेर यावं आणि फोन काढावा. गोव्यात ओला नाही, उबरही नाही. टॅक्सी आहे. भाडं विचारलं की ड्रायव्हर आधी तुमच्या बुटांकडे बघतो, मग आकडा सांगतो.

वास्कोच्या स्टँडवरून पणजीला कदंबची बस मिळते. झुआरीवरचा नवा पूलही झाला, अर्धा डिसेंबर 2022 ला, उरलेला 2023 च्या डिसेंबरात. बस सुसाट जाते. पण क्रूझचं तिकीट काढलेला माणूस बसमध्ये कसा चढणार? तो विक्रोळीला स्लो लोकलच्या दारात लटकतो ते वेगळं. ते सुट्टीत नसतं.

आमच्या आधीच्या पिढीला हा पेच पडलाच नाही. भाऊच्या धक्क्यावरून ‘कोकण सेवक’ नाहीतर ‘कोकण शक्ती’ सुटायची. वळकटी पसरायची, बोट लागली की कठडा गाठायचा, आपलं बंदर आलं की पोरांना नि बोचक्यांना सांभाळत उतरायचं. किनाऱ्यावर मामा उभा. गाइड मामा, गाडीवान मामा, जेवणाचं पॅकेज मामी. परतीची बोट चुकली तर? पुढची बोट येईपर्यंत आंबे.

क्रूझ कंपनी मामा नव्हे.

तिचा नियम सरळ आहे. तिच्या सहलीची बस ट्रॅफिकमध्ये अडकली तर बोट थांबते, किंवा तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी ती घेते. तुमची टॅक्सी अडकली तर भोंगा वाजतो. काउंटरवर स्थळदर्शन म्हणून जे विकलं जातं ते बहुतांशी थांबण्याचं आश्वासन असतं. चर्च त्यावर फुकट.

आश्वासन महाग वाटतं? मार्च 2024 मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर ‘नॉर्वेजियन डॉन’चे आठ प्रवासी खासगी सहल करून उशिरा धक्क्यावर आले. बोट अजून समोर दिसत होती. कॅप्टनने घेतलं नाही. त्यातल्या काहींनी मग देशामागून देश ओलांडत थेट सेनेगलमध्ये बोट गाठली. म्हणजे आफ्रिका त्यांनी स्वतंत्रपणेच पाहिली.

झेंडीवाल्यांनी इतक्यात टाळ्या वाजवू नयेत. ऑक्टोबर 2025, ऑस्ट्रेलियातलं लिझार्ड बेट. ‘कोरल अ‍ॅडव्हेंचरर’ या बोटीने स्वतः नेलेली सहल. ऐंशी वर्षांची एक बाई चढावर मागे पडली. बोट तिला न घेताच निघाली; ती नाही हे नंतर लक्षात आलं, बोट काही तासांनी परत फिरली. दुसऱ्या दिवशी सापडला तो तिचा मृतदेह.

डोकी मोजणं हे गाइडचं पहिलं काम. चर्च कुणी बांधलं, ते पाटीवर लिहिलेलं असतंच.

मग ठरवायचं कसं? आधी एक साधी गोष्ट बघा: बोट नक्की लागते कुठे. छापील पत्रकात ‘रोम’ असतं. उतरल्यावर कळतं की हे चिव्हितावेक्किया, रोम अजून सत्तर-ऐंशी किलोमीटर. पुणे सांगून लोणावळ्याला उतरवल्यासारखं. इथे झेंडी पकडा, बाणा खिशात ठेवा. पेनांगचं उलटं. धक्क्यातून बाहेर पडलात की पायी जॉर्ज टाऊन, युनेस्कोच्या यादीत 2008 पासून. तिथे जो एसी बसचे पैसे भरतो त्याला चप्पल घेऊन द्यायला हवी.

लक्षद्वीपला तर प्रश्नच नाही. बेटांवर पाऊल ठेवायलाच परवाना लागतो. बाणा बोटीवरच इस्त्री करून ठेवा.

आता तिसरा पंथ. अस्सल मराठी. हा बोटीच्या झेंडीमागे जात नाही आणि एकटाही जात नाही. याची झेंडी मुंबईहून सोबत येते. 1984 ला केसरी आली, 2013 ला वीणा वर्ल्ड, आणि मराठी माणसाला जगाच्या पाठीवर कुठेही टूर मॅनेजर हाक मारून नाश्त्याला बोलावू लागला. यात हसण्यासारखं काही नाही. पहिल्यांदा देशाबाहेर पडणाऱ्या कित्येक आयांना त्या हाकेनेच धीर दिला.

पण टूरने बंदरावर आपली वेगळी बस ठरवली असेल, तर बोटीच्या लेखी ते चाळीसच्या चाळीस जण स्वतंत्रच! बस अडकली तर बोट थांबणार का, हे बुकिंग करताना कुणी विचारलं? छे. विचारलं ते हे, की रात्री वरण-भात असतो ना?

आपल्या बंदरात उतरणाऱ्यांचे हाल पाहिलेत? बॅलार्ड पिअरवरून गेटवे पायी अर्ध्या तासाच्या आत. पाहुण्यांना तिथे न्यायला बस. मग मणिभवन, मग महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाट. दुसऱ्यांचे कपडे वाळत पडलेले बघायला समुद्र ओलांडून आलेली माणसं! बोट सोमवारी लागली असेल तर घारापुरीही नाही. लेणी सोमवारी बंद. गाइड घ्या नाहीतर घेऊ नका, कुलूप तेच.

विक्रोळीला अर्थातच कुणी आणत नाही. तसं दाखवायला पुष्कळ आहे. इथली खारफुटी गोदरेजने जपलेली. पलीकडे ठाणे खाडीत फ्लेमिंगो, जागेला 2022 पासून रामसरचा दर्जा, आणि ऐरोलीहून बोटीने फिरवून आणायची वनखात्याची सोय. आपल्यातले किती गेले? खाडी म्हटलं की नाकाला रुमाल. तीच खारफुटी फुकेतला जाऊन फांग न्गाच्या होडीतून पाहिली की मात्र सत्तर फोटो, आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘निसर्गाचा चमत्कार’.

फुकेतवरून आठवलं. सिंगापूरहून निघालेली बोट तिथे लागते तेव्हा थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे असतं. बोटीने आपलं घड्याळ तसंच ठेवलं, आणि तुमच्या फोनने परस्पर थायलंडची वेळ लावून घेतली, की झालं. तुम्ही नारळपाणी पीत बसता, अजून तास आहे म्हणून. तो तास कुठल्याच बंदरात नसतो. उतरण्याआधी गँगवेवरच्या पाटीवर परतीची वेळ वाचायची, ती बोटीची की गावची ते विचारायचं, आणि मनगटावर एक साधं घड्याळ त्या वेळेला लावायचं. गाइड असो वा नसो, एवढं ज्याचं त्यानेच करायचं.

आमच्या बिल्डिंगमधले एक काका याहून हुशार. त्यांचं मनगटी घड्याळ बीपीच्या गोळीसाठी भारतीय वेळेवर, फोन थायलंडच्या, बोट सिंगापूरच्या. सूनबाईचं तिकीट झेंडीमागे, मुलाचा बेत स्कूटर भाड्याने घेण्याचा. त्यावरून सकाळी केबिनमध्ये तासभर वाद. काका दोघांचं ऐकून घेत राहिले आणि उतरलेच नाहीत. तीन हजार माणसं किनाऱ्यावर गेलेली. तरणतलाव रिकामा, खुर्ची सावलीत, आणि बुफेला रांग नव्हती म्हणे. डोसा त्यांनी दोनदा घेतला.