घरचा कॅमेरा : कार्यपद्धती, आवृत्ती चौथी

१. उद्देश

चाकणच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी आधी कार्यपद्धती लिहावी लागते. म्हणून ही लिहिली. पहिल्या तीन आवृत्त्या रद्द समजाव्यात. का रद्द झाल्या ते कलम ८ मध्ये येईल. निगडीच्या यमुनानगरातल्या आमच्या बैठ्या घराचं चोरांपासून रक्षण करणे, हा उद्देश. चोर अद्याप आलेले नाहीत. “नेण्यासारखं आहे काय आपल्याकडे?” असं बाबांनी विचारलं, तेव्हा त्यांना रीतसर यादी करून दिली. यादीत सगळ्यात महाग वस्तू कॅमेरेच निघाले.

२. व्याप्ती

घर एकीकडे आणि शिफ्ट दुसरीकडे असणाऱ्या सर्वांना लागू. आमच्या पट्ट्यात विजेचा भार वाटून घेण्यासाठी सुट्टीचे वारही वाटले गेले आणि कित्येक कंपन्यांच्या वाट्याला गुरुवार आला. जगाचा रविवार घरी साजरा होतो तेव्हा आम्ही लाइनवर; आमचा गुरुवार उजाडतो तेव्हा पोरं शाळेत. अशा माणसाने कॅमेरा चोरासाठी घेतला हे विधान, तपासणीस म्हणून, मी नापास करीन. पण ते पुढे.

३. जागा

कॅमेरा साधारण नऊ फुटांवर बसवावा. खाली बसवला तर कोणीही येताजाता फिरवतो, फार वर बसवला तर चोराचं फक्त टक्कल दिसतं. मावळतीकडे तोंड नको, नाहीतर संध्याकाळचं निव्वळ ऊन रेकॉर्ड होतं. रात्री कॅमेऱ्याच्या दिव्यांवर किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो आणि भिंगापुढे हलणारा एक धागा रात्रभर दरोड्याची वर्दी देत राहतो. आठवड्यातून एकदा कुंचा फिरवा. कंपनीत याला प्रतिबंधात्मक देखभाल म्हणतात आणि त्याचा वेगळा तक्ता असतो.

तोंड कुणाकडे, हा खरा प्रश्न. आमचा पहिला कॅमेरा फाटकाकडे बघता बघता समोरच्या काकूंचं अंगणही बघत असे. काकूंनी तक्रार केली नाही. कपडे वाळत घालायची दोरी त्यांनी गुपचूप घरामागे नेली. हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. मी लोकांच्या चुका शोधायचा पगार घेतो. सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी मास्क’ असतो. चित्राच्या ज्या भागावर काळा चौकोन ओढाल, तो भाग रेकॉर्डच होत नाही. तो ओढला आणि काकूंना मोबाइलवर दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. “म्हणजे आधी दिसत होतं,” एवढंच म्हणाल्या. दोरी अजून घरामागेच आहे.

ज्यांना काकूंचा धाक पुरत नाही त्यांच्यासाठी कोर्टाचा. एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, सोबत राहणाऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागातले कॅमेरे चालवता येणार नाहीत, असं कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे तर नऊ न्यायमूर्तींनी एकमताने २४ ऑगस्ट २०१७ रोजीच सांगून ठेवलंय. नऊ न्यायमूर्ती आणि एक काकू, एवढं बहुमत पुरे.

४. वायर

वायफायचा कॅमेरा बसवायला सोपा, पण लाइट गेली की राउटर झोपतो आणि कॅमेराही. शक्य असेल तर नेटवर्कची वायर ओढा. ‘पीओई’ प्रकारात त्याच एका वायरीतून वीज आणि चित्र दोन्ही १०० मीटरपर्यंत जातं. राउटर आणि रेकॉर्डर इन्व्हर्टरवर घ्या. पंखा नंतर.

५. पासवर्ड

फिटरने आमच्याकडे ‘१२३४’ ठेवला आणि वर धीर दिला, “काळजी करू नका साहेब, अख्ख्या गल्लीत हाच आहे.”

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर मोकाट सुटला. त्याच्याकडे कंपनीतून येणाऱ्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या होत्या. दारोदार जाऊन तो त्याच किल्ल्या लावून बघायचा आणि लाखो कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर त्याने अशा रीतीने नोकरीला ठेवले. त्याच ऑक्टोबरात त्यांच्या झुंडीने ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी मोठमोठी संकेतस्थळं काही तास आडवी केली. ज्यांनी तो लिहिला ती कॉलेजच्या वयाची पोरं होती आणि मूळ भांडण माइनक्राफ्ट या खेळाच्या धंद्यातलं. तेव्हा पासवर्ड बदला, राउटरमधलं ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ बंद ठेवा आणि कॅमेऱ्यांना वेगळं गेस्ट वायफाय द्या. नवा पासवर्ड फ्रिजवर चिकटवू नका. ही सूचना विशिष्ट व्यक्तीसाठी आहे आणि ती व्यक्ती बाबा आहेत.

६. साठवण

एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिटने चालला तर दिवसाला २१.६ जीबी खातो. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी झाले. एक टीबीची हार्ड डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं लिहिलं जातं. दुकानदार महिना सांगेल. त्याला गुणाकार करून दाखवा.

रेकॉर्डरचं घड्याळ तपासा. गल्लीत दुचाकी चोरीला गेली तेव्हा पोलीस आमच्याकडे फुटेज मागायला आले. चोर स्वच्छ दिसत होता, पण कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०००. पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं १५ ऑगस्ट २०१८ ला. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं, मी फिटरची आठवण काढली.

७. सूचना

‘हालचाल’ बंद, फक्त ‘माणूस’ चालू. नाहीतर जास्वंदीची फांदी दिवसातून चाळीस वेळा फोन करते.

८. मागणीनुसार चालू-बंद

*आवृत्ती पहिली.* दिवाणखान्यातला कॅमेरा चोवीस तास चालू. इथे पार्श्वभूमी सांगणं भाग आहे. आमच्या गेटवर आत जाताना सिक्युरिटीवाला मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर डकवतो. ते काढलं तर खुणा उमटतात. सुटताना तो तपासतो. डोळा झाकलेल्या त्याच मोबाइलवरून मी जेवणाच्या सुट्टीत घर बघायचो. रविवारी आई मटार सोलत बसलेली, तिच्या मांडीवर मुलगी, बाबा टीव्हीपुढे पेंगलेले. एका रविवारी न राहवून कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून विचारलं, “बाबा, बीपीची गोळी घेतलीत का?” बाबा ताडकन उठून उभे राहिले. आईने देवघराकडे पाहिलं.

*आवृत्ती दुसरी.* घरातल्या कुणाचा मोबाइल राउटरला दिसला की कॅमेरा आपोआप बंद, सगळे बाहेर पडले की चालू. ‘होम असिस्टंट’ नावाची फुकट प्रणाली जुन्या लॅपटॉपवरसुद्धा हे काम करते. पद्धत निर्दोष आहे. पण आईचा मोबाइल कायम कपाटात, बॅटरी संपलेला. त्यामुळे ती एकटी असली की प्रणालीच्या लेखी घरात कुणीच नसायचं.

*आवृत्ती तिसरी.* स्मार्ट प्लग. बटण ॲपमध्ये, ॲप माझ्या मोबाइलमध्ये. ज्याला कॅमेरा बंद हवा त्याने मला फोन करावा. बायको म्हणाली, “अहो, आम्ही आमच्या घरात पाय पसरून बसायला आता तुमचा गेटपास काढायचा का?” आवृत्ती दोन दिवस टिकली.

*आवृत्ती चौथी.* पुढच्या रविवारी चित्र अचानक पांढरंफेक. त्यात आडवे-उभे जाडजूड धागे. मी लांबून कॅमेरा दोनदा रिस्टार्ट केला. सुटल्यावर बस तळेगाव चौकात नेहमीप्रमाणे अडकली, तेवढ्यात अजून तीनदा केला. स्पाइन रोडने घरी पोचलो तर कॅमेऱ्याच्या डोक्यावर मुलीच्या बारशाची खणाची कुंची. झालर पुढे ओढलेली, नाडी हनुवटीखाली, म्हणजे जिथे असायला हवी तिथे, बांधलेली. आतल्या अंधारात कॅमेऱ्याने रात्र समजून स्वतःचे दिवे लावले होते आणि खणाचा धागा न् धागा मला दाखवत होता.

“तुझ्या मोबाइलला नाही का गेटवर लावत?” आई म्हणाली. “त्यांच्या यंत्रांना एवढी अब्रू, मग आम्हाला नाही होय? सगळे बाहेर चाललो की काढते. आले की घालते.”

मी कुंचीची रीतसर तपासणी केली. खर्च शून्य. विजेची गरज नाही. पासवर्ड नाही, त्यामुळे मिराईला वाव नाही. चालू की बंद, हे खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसतं. लांबून कुणालाही काढता येत नाही, मलासुद्धा. ज्यात चूक करायची सोयच नसते त्याला आमच्याकडे पोका-योके म्हणतात आणि सुचवणाऱ्याला प्रशस्तिपत्र देतात. आईला म्हटलं. ती म्हणाली, आधी हातपाय धू.

बाहेरचे तीन कॅमेरे चोवीस तास चालू आहेत. मागणी कुणाची धरायची एवढाच घोळ मी तीन आवृत्त्यांत घातला होता. ज्याच्यावर नजर आहे, त्याची धरावी.

९. शिल्लक त्रुटी

कुंचीने चित्र झाकलं जातं, आवाज नाही. मायक्रोफोन सेटिंगमधून वेगळा बंद करावा लागतो. मी तो बंद केला आहे. गुरुवारी केला. त्याआधीच्या रविवारी पांढऱ्या पडद्यापुढे बसून पाच मिनिटं ऐकलं, याची नोंद असावी. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. मुलगी पाढे म्हणत होती, सत्तावीसला अडखळली. मग आई बायकोला म्हणाली, “त्याला दोन थालीपीठं बाजूला काढून ठेव गं, आल्यावर गरम करून देते.”