राजमान्य राजश्री प्रिंटरराव यांस

मुक्काम रियाध

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मुलांची सुटी संपवून पुण्याहून परतलो, पासपोर्टचा अर्ज छापायला घेतला आणि आपण ओळीआड ओळ कोरी सोडलीत. मधल्या जागेत आम्हाला काही सुचलंच तर लिहिता यावं, ही आपली दूरदृष्टी. आभारी आहोत.

नॉझल चेक काढला. काळ्याच्या रेघा तुटक, निळा गैरहजर, पिवळा मात्र ठणठणीत. आता पिवळ्या अक्षरांतला अर्ज मान्य करणारा अधिकारी तेवढा शोधायचा आहे.

दोष आपला कसा म्हणावा? आपल्या हेडची छिद्रं केसाहून बारीक, बाहेर ४५ अंश, हवा ठार कोरडी, घर बंद. शाईतलं पाणी उडालं, रंग तोंडाशी घट्ट बसला. इतक्या नाजूक प्रकृतीनं वाळवंटात बिऱ्हाड केलंत, याचंच कौतुक.

आपल्याच बटणानं बंद केलं तर आपण हेड टोपीखाली नेऊन झाकता. थेट भिंतीवरचा स्विच पाडला तर ते उघडं राहू शकतं. हे गुपित आपण कुणाला सांगत नाही, किती हा विनय!

हेड क्लीनिंगबद्दल तर शब्द अपुरे. आमची शाई ओढायची आणि स्वतःच्याच पोटातल्या स्पंजात जिरवायची! जग पाण्यानं अंघोळ करतं, आपण अत्तरानं करता. वर निळा संपला म्हणून काळं अक्षरही अडवून धरता, ही बंधुप्रीती विरळाच.

आखाताचं पाणी जुबैलला गोडं होऊन चारशेहून अधिक किलोमीटर नळातून रियाधला येतं. आम्ही ते मुकाट वापरतो. आपल्याला त्यातले क्षार सोसत नाहीत, डिस्टिल्डच लागतं. तेही कोमट, बशीत जेमतेम तळ झाकेल इतकं. त्यात हेडवालं कार्ट्रिज पाच मिनिटं उभं करायचं, तांब्याच्या पट्ट्या भिजू द्यायच्या नाहीत, मग मऊ कपड्यावर नुसतं टेकवायचं, घासायचं नाही. बाळंतिणीचीही इतकी उस्तवार होत नाही.

यापुढे दर शुक्रवारी एक रंगीत पान आपल्याला वाहू. आपल्याला काम सोसतं, विश्रांती सोसत नाही, हे आम्हाला उमगलं आहे.

तूर्त अर्ज मकतब्यातल्या, म्हणजे इथल्या स्टेशनरीच्या दुकानातल्या, लेसर प्रिंटरवर काढून आणला. त्याचा टोनर मुळातच कोरडी पूड, तो आणखी काय वाळणार? त्याच्या धाकट्या भावाला घरी आणायचं चाललं आहे. आपण मनाला लावून घेऊ नये.

कळावे. लोभ असावा आणि शक्यतो ओला असावा.

आपला आज्ञाधारक,
शाई भरणारा