शब्दाला जागणारा वाचक

पायथन शिकवणाऱ्या पुस्तकाचा कच्चा खर्डा वाचायला दिला, की संगणकातले जाणकार दोनच गोष्टी सांगतात: ‘छान झालंय’ आणि ‘पण पायथनऐवजी दुसरी भाषा घ्यायला हवी होती’. खर्डा उघडलेलाच नसतो. तंजावरजवळच्या पापनाशमच्या मामांचं तसं नाही. ते खर्डा वाचत नाहीत, पाळतात.

मामा तंजावरी मराठी. हयात भाताच्या गोदामात हिशेब तपासण्यात गेली. पोत्यामागे पावशेर कमी भरलं तरी त्यांची झोप उडायची. आता निवृत्त. कपाळाला गंध, मांडीवर नातीचा लॅपटॉप, शेजारी फिल्टर कॉफी. आपण काही सुचवायला गेलो, की मधे सरफोजीराजे येतात. “अरे, तुमच्या पुण्यात छापखाना नव्हता तेव्हा आमच्या राजांनी तंजावरात इसापनीती मराठीत छापली. पुस्तकं आम्हाला शिकवू नकोस.”

पहिला फोन पहिल्याच धड्याला. “लिहिलंस तस्संच टाइप केलं. यंत्र म्हणतं, चूक.” खर्ड्यात सरळ अवतरणचिन्हं परस्पर वाकडी झाली होती आणि पायथनला वाकडी चालत नाहीत. जाणकारांनी ती मनातल्या मनात सरळ केली असती. मामांनी भिंग लावून वाकडेपणाची खात्री केली आणि नेमकी तशीच चिन्हं हुडकून टाइप केली.

दुसऱ्या धड्यात वय विचारून त्याची दुप्पट छापायची होती. मामांनी ७२ टाकले, उत्तर आलं ७२७२. “एवढं वय तर तंजावरच्या मोठ्या देवळाचंसुद्धा नाही!” पायथन टाइप केलेलं सगळं आधी अक्षरं म्हणूनच घेतो आणि अक्षरांची दुप्पट म्हणजे तीच पुन्हा, आकडा हवा असेल तर ‘इंट’ लावावं लागतं. ते लावल्यावर १४४ आले. मग मामांनी मुद्दाम तमिळ अंकांत वय टाकलं. तरी १४४! “यंत्राला तुझ्यापेक्षा बरं तमिळ येतं,” असा अभिप्राय मिळाला.

खरी जुंपली ती ओळीने आकडे मोजणाऱ्या ‘रेंज’वरून. पापनाशमला एकशेआठ शिवालय आहे. रामाने पापक्षालनासाठी स्थापलं म्हणतात. एकशेसात लिंगं आत आणि हनुमंताने काशीहून आणलेलं बाहेर. मामांनी सगळी मोजायला रेंज(१, १०८) लिहिलं. मोजणी १०७ वर थांबली. “अरे, यानेही हनुमंताला बाहेरच ठेवलं! याला सांगितलं कुणी?” रेंज शेवटचा आकडा धरत नाही, हे पुस्तकात होतं, पण तळटीपेत. “तळटीप म्हणजे देवळाची मागची बाजू. नवा माणूस पुढून येतो.”

संगणक सांगितलं तेवढंच करतो, असं प्रस्तावनेत मी दिमाखात लिहिलंय. तसाच वाचक गाठ पडला, की लेखकाच्या नाकीनऊ येतात. पण पुस्तक सुधारतं ते त्याच्यामुळेच.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ आपल्या ग्रंथातली चूक दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक देत, हे मी मामांना कौतुकाने सांगितलं आणि हौसेने आपलाही दर जाहीर केला: चुकीला १ रुपया १० पैसे. रात्री पायथनकडूनच काढलेलं बिल आलं. तीन चुका गुणिले १.१, एकूण ३.३००००००००००००००३ रुपये. खाली शेरा: “शेवटचा तीन कुठून आला, ते दशांशाच्या धड्यात नाही. ही चौथी चूक. तिचे पैसे वेगळे.”