जावयाचं दिवाळं निघालेलं नाही

हॅरो, लंडन
रविवार, कुकरच्या दुसऱ्या शिट्टीनंतर

ती. बाबा आणि सौ. आई,


परवा फोनवर तू सारखं "पण तुम्ही सगळे बरे आहात ना?" विचारत होतीस, तेव्हाच मला संशय आला. मग बाबांनी खाकरून "काही लागलं-सवरलं तर…" सुरू केलं आणि उलगडा झाला. सुमाआत्याने ग्रुपवरचा मिलिंदचा फोटो पाहिला, त्याच्या मागची गाडी पाहिली आणि पोवई नाक्यापर्यंत बातमी पोचवली: नलूच्या नवऱ्याने चांगली व्हॅन विकून भंगार घेतलं, धंदा बसलेला दिसतो.

धंदा बसलेला नाही. गाडी भंगार होती, आता नाही. फोनवर सांगितलं की तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं आत्या पुरं करते, म्हणून लिहून कळवते. हे पत्र ग्रुपवर टाकू नकोस.

पार्सल पोचलं. कुरडयांचा भुगा झाला आहे, पण भुग्याचीही भाजी होते हे तूच शिकवलंस. मेतकूट शाबूत. चकलीच्या भाजणीच्या पिशवीत पुरलेले कंदी पेढे मुलांना सापडले. आई, दुधाचं काही इथे पाठवायला बंदी आहे हे मी तुला तीनदा सांगितलंय. पुढच्या वेळी थालीपिठाच्या भाजणीत पुर, चकलीच्या पिठाचा वास लागतो.

आता गाडी. ती १९७१ ची मॉरिस मायनर व्हॅन आहे. बाबा, तुमच्या साहेबांची अँबेसेडर मॉरिस ऑक्सफर्डवरून निघाली होती ना, तिच्याच घराण्यातली ही धाकटी पाती. पुढून गाल फुगवून रुसलेल्या पोरीसारखी, मागे पत्र्याची पेटी. इंजिन १०९८ सीसी. पहिला गिअर गाडी पुरती थांबल्याशिवाय पडत नाही, हे ऐकून तुम्ही खूश व्हाल आणि मिलिंदला का कळत नव्हतं असं विचाराल. त्याला आता कळतं, शेजाऱ्यांनाही कळतं.

हे का घेतलं ते ऐक. इथे युलेझ म्हणून एक प्रकार आहे. धूर जास्त सोडणाऱ्या गाडीने लंडनमध्ये चाक फिरवलं की दिवसाला साडेबारा पौंड. आपल्या रुपयांत हजाराच्या वर, आई, रोज! आधी ते आतल्या लंडनपुरतं होतं. २९ ऑगस्ट २०२३ पासून आमच्या हॅरोसकट सगळ्या लंडनला लागू झालं. आमची जुनी पांढरी व्हॅन २०१४ ची, डिझेलची. डिझेलला युरो ६ लागतं, ते तिच्यात नव्हतं. नुसती उभी राहिली तर काही नाही. पण गिऱ्हाइकाचा नळ दारात उभं राहून दुरुस्त होत नाही. आठवड्याचे सहा दिवस म्हणजे पंचाहत्तर पौंड.

बरं, त्यांचा दिवस रात्री बाराला संपतो. एकदा रात्री साडेअकराला एका बाईंचा फोन आला, बॉयलर गळतोय. मिलिंद पावणेबाराला निघाला, दीडला परतला. एक बॉयलर, दोन दिवस, पंचवीस पौंड. पैसे तीन दिवसांत भरायचे, विसरलं की एकशेऐंशीचा दंड, चौदा दिवसांत भरला तर निम्मा. भिशीच्या हिशोबासारखी मी वही घातली होती. वर्षात सुट्टी एकच, नाताळच्या दिवशी. त्या दिवशी कुणाचाही बॉयलर बिघडला नाही.

आणि १ जानेवारी १९७३ च्या आधी बनलेली गाडी मात्र सोवळी! ती धंद्याला वापरा, तिने कितीही धूर काढो, युलेझ माफ. नंतरची, म्हणजे १९७५ ची असली आणि नुसती रविवारी मिरवायला काढली, तर तीही 'ऐतिहासिक' म्हणून माफ; पण तिच्यातून पाइप नेले की लगेच विटाळ. हे मी चारदा वाचलं, मग मिलिंदला वाचून दाखवलं, मग दोघं गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी तो जुन्या गाड्या शोधायला लागला.

पण सरकारच ते, एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने घेणारच. चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला इथे रोड टॅक्स माफ असतो. (माणसाला ही सोय असती तर आत्याचा केव्हाच माफ झाला असता.) पण गाडी धंद्याला लावली की ती माफी गेली, वर्षाचे दोनशेच्या वर पौंड भरा. म्हणजे एका खात्याला आमची गाडी इतिहास वाटते, दुसऱ्याला दुकान. वार्षिक तपासणीचीही तिला सक्ती नाही. मिलिंद तरी करून घेतो, कारण तिच्यात मी बसते.

विम्याला फोन मी केला. त्या बाईने गोड आवाजात विचारलं, "गाडी प्रदर्शनांना नेणार की लग्नांना?" म्हटलं, "तुंबलेल्या संडासांना." मग ती इतका वेळ गप्प होती की मला वाटलं फोन कटला.

शिट्टी झाली, आले.

तर बाबा, काय काय बदललं ते तुमच्यासाठी. मूळ गाडीचं अर्थिंग उलटं, बॅटरीचा प्लस बॉडीला. ते सुलटं करून घेतलं, डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवला. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पुढे ड्रम काढून डिस्क ब्रेक. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे नवे, कारण इथल्या साध्या पेट्रोलमध्ये आता दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं. तरीही ही महाराणी महागातलंच पेट्रोल पिते. मागे मिलिंदने प्लायवूडचे खण केले: एल्बो, टी, वॉशर, वेगवेगळे. तुझ्या मिसळणाच्या डब्यावरून नक्षा घेतला, पण तसं कबूल करत नाही. तांब्याचे पाइप तीन मीटरचे, आत मावत नाहीत. ते टपावरच्या नळकांड्यात. वजन चारशे किलोच्या आसपास चालतं. बॉयलर सहज जातो, बॉयलर आणि मिलिंदचा मदतनीस दोन्ही असले की चढावर मदतनीस उतरतो. तो पोलिश मुलगा 'ढकला' हा एवढाच मराठी शब्द शिकलाय.

एकच खरी अडचण. इथे रात्री व्हॅन फोडून हत्यारं चोरतात, म्हणून लोक गाडीवर 'आत हत्यारं नाहीत' अशी चिठ्ठी चिकटवतात. आमच्या गाडीचं कुलूप चमच्याने उघडेल. त्यामुळे रोज संध्याकाळी सगळं सामान घरात येतं. पाइप पाना देवघराशेजारी उभा असतो. परवा आरती झाल्यावर छोटीने त्यालाही कुंकू लावलं. दसरा समजली.

गिऱ्हाइकं मात्र वाढली. पांढऱ्या व्हॅनकडे कुणी बघत नाही. हिच्याभोवती म्हातारे जमतात. एक निवृत्त टेलिफोनवाले आजोबा तर अर्धा तास हलेनात. पूर्वी इथे पोस्टखात्याकडे याच व्हॅन होत्या, टपालाच्या लाल, टेलिफोनच्या हिरव्या, टपावर शिडी. टपालाच्या सुरुवातीच्या गाड्यांचे पुढचे मडगार्ड म्हणे रबरी होते, ठोकरलं तरी पोचा पडू नये म्हणून. बाबा, एसटीला ही युक्ती कुणी सांगितली असती तर तुमचं निम्मं वर्कशॉप रिकामं राहिलं असतं. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात नेली तेव्हाही काकालोकांनी बॉनेट उघडायला लावलं. मंडळ १९३२ चं, त्याच्यापुढे गाडी कालची पोर.

गेल्या रविवारी मिलिंदने फोन इंजिनाशी धरला होता आणि तुम्ही साताऱ्यात डोळे मिटून ऐकत होतात, तेव्हा मी खिडकीत होते. "टॅपेट आहे, घाबरायचं काम नाही. किंगपिनला ग्रीस कधी मारलं?" मिलिंद गप्प. या गाडीचा तो खालचा जोड, ट्रनियन, कोरडा राहिला तर पुढचं चाक आडवं होतं, हे इथल्या गॅरेजवाल्यानेही बजावलं होतं, तुमच्यानंतर दोन दिवसांनी. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्रीस माझ्याकडे. गन कशी धरायची ते अंगणात तुम्हीच शिकवलं होतं. मी सातवीत होते आणि आई ओरडत होती की पोरीचे हात बघा.

जूनमध्ये एक दिवस कडक ऊन पडलं. पाण्याची बाटली राहिली म्हणून मी गाडीचं दार उघडलं. तापलेलं रेक्झिन, पेट्रोल, धूळ. बाबांचा खाकी शर्ट दुपारच्या पाळीनंतर खुंटीवर असायचा ना, तसा. मी आत बसले, दार लावून घेतलं. मिलिंद येऊन काचेवर टकटक करायला लागला, त्याला वाटलं बॅटरी उतरली.

बरं, तुमच्याकडचं. बंड्याचं ठरलं हे उत्तम, पण मुलीकडच्यांना हॉल पुण्यात हवाय म्हणून नानांनी एवढं रुसायचं कशाला? मागच्या लग्नात सातारकरांनाच जेवण पुरलं नाही हे विसरले वाटतं. कुलकर्ण्यांनी कंपाउंडची भिंत आपल्या हद्दीत सरकवली असेल तर टेप लावून मोजा, भांडू नका. भांडण मी दिवाळीत आल्यावर करीन, तेवढं माझ्यासाठी ठेवा. आत्याच्या गुडघ्यांना बरं वाटतंय ना? तिला सांग, मिलिंद म्हणतो, ट्रनियन कोरडे पडू देऊ नका.

माळ्यावर बाबांची लांब चोचीची तेलाची बुधली असेल, ती पुढच्या पार्सलात घाल. आणि आई, तातडीने कळव: ग्रीसचा डाग तू रॉकेलने काढायचीस, इथे मी रॉकेल कुठून आणू? मोठ्याच्या शाळेचा पांढरा शर्ट आहे आणि उद्या सोमवार.

तुमची,
नलू