माणशी की यंत्रागणिक?

आमचे साहेब चार्टर्ड अकाउंटंट. दुसऱ्याच्या वहीतली चूक त्यांना दारातून दिसते. टर्मिनल सर्व्हर घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांचा हिशेब तयार होता. "सर्व्हर एक. त्यावर एमएस ऑफिस एकदाच टाकायचं. आर्टिकलची पोरं आपापल्या जुन्या डबड्यांवरून त्यात शिरतील. म्हणजे लायसन्स एक."

हिशेबात एकच खोट होती. तो मायक्रोसॉफ्टने केलेला नव्हता.

डीलर समजावायला बसला. विंडोज सर्व्हरचं लायसन्स वेगळं. त्याला जोडणाऱ्या प्रत्येकाला एक कॅल, म्हणजे क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्स. त्याच्या पडद्यावर बसून काम करायचं तर आणखी एक, आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) कॅल.

"म्हणजे दाराचं वेगळं आणि खुर्चीचं वेगळं?"

"हो सर. आणि ऑफिसचं तिसरं."

दुकानातला ऑफिसचा साधा डबा या सर्व्हरवर चालतच नाही. एक तर व्हॉल्यूम लायसन्स घ्या, नाहीतर मायक्रोसॉफ्ट ३६५ ची अशी योजना, जिच्यात सामायिक यंत्रावर चालवायची मुभा आहे. बिझनेस प्रीमियममध्ये ती आहे, बिझनेस स्टँडर्डमध्ये नाही. स्टँडर्ड हा शब्द ऐकून साहेबांनी समाधानाने मान डोलावली होती, ती मध्येच थांबली.

कॅल माणशीही मिळतं आणि यंत्रागणिकही. एकाच टेबलावर पाळीने बसणाऱ्या आर्टिकलना यंत्रागणिक स्वस्त; लॅपटॉप, मोबाइल आणि घरचा पीसी अशा तिन्हींवरून डोकावणाऱ्या साहेबांना माणशी. इथवर सगळं ठीक. पण ऑफिसचं व्हॉल्यूम लायसन्स माणूस ओळखत नाही. ज्या ज्या यंत्रावरून ते वापराल, त्या त्या यंत्राला लायसन्स हवं. साहेबांनी रविवारी चिरंजीवांच्या टॅबवरून एक एक्सेल उघडली, तर टॅबलाही. खाणावळीत निदान खाल्ल्या ताटाचे पैसे लागतात. इथे वर्षातून एकदा वरणाचा वास घेतला तरी अख्खं ताट.

साहेब हार मानणारे नव्हेत. "मध्ये एक कॉम्प्युटर ठेवू. सगळे त्यातून जातील. सर्व्हरला एकच दिसेल!" मायक्रोसॉफ्टला ही युक्ती जुनी आहे. तिला मल्टिप्लेक्सिंग असं भारदस्त नाव देऊन, तिने लायसन्सची संख्या कमी होत नाही, हे त्यांनी आधीच लिहून ठेवलंय.

माणशी पद्धतीत कॅल कमी पडलं तर डोमेनमधला सर्व्हर कोणाला अडवतही नाही. नुसती नोंद ठेवतो. साहेब इथे पहिल्यांदा गंभीर झाले. न बोलता लिहून ठेवणाऱ्याची धास्ती सीएइतकी कोणाला कळणार?

मग त्यांना सवलतीची मुदत सापडली. आरडीएस बसवल्यावर लायसन्स सर्व्हरशिवाय १२० दिवस सगळं चालतं. "आत्ता बसवू, पुढचं पुढे." मी कॅलेंडर पुढे केलं. २ जूनला बसवलं तर १२० दिवस ३० सप्टेंबरला भरतात, म्हणजे टॅक्स ऑडिटच्या शेवटच्या तारखेला. त्यानंतर आत जागा फक्त दोघांना, तीही सर्व्हरच्या देखभालीसाठी.

साहेबांनी त्याच दुपारी चेक फाडला.

तुम्ही कोटेशन मागवणार असाल, तर आधी माणसं मोजा, मग यंत्रं मोजा, आणि घरातल्या पोरांचे टॅब विसरू नका.