काळ्या पडद्यासमोर बसण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

लिनक्सचा डेस्कटॉप उघडला नाही, तर बहुतेक वेळा तो तासाभरात पुन्हा उघडता येतो. एवढ्यावर ज्यांचे समाधान होते त्यांनी पान उलटावे. तासाभराचे काम शनिवार सकाळपासून रविवार रात्रीपर्यंत पुरवून पुरवून करणारे, ताट गार होऊ देणारे आणि घरच्यांच्या 'झालं का?' या प्रश्नाला नुसता हात हलवून उत्तर देणारे जे साधक असतात, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. या साधनेत आडकाठी असते ती खुद्द संगणकाचीच. काय बिघडले ते तो बहुधा आधीच लिहून ठेवतो आणि ते वाचले की सगळा बेत फसतो. वाचणे कसे टाळावे, हाच या शास्त्राचा गाभा.

आरंभ ठाम निष्कर्षाने करावा: 'लॅपटॉप गेला.' हा निष्कर्ष डळमळीत होईल असे काही कानावर पडू देऊ नये. इतिहास तर मुळीच नाही. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स जाहीर केले तेव्हा त्यात खिडक्या, चित्रे, माउसचा बाण यांपैकी काही नव्हते. होती ती नुसती अक्षरे. चित्रांची सोय करणारी 'एक्स विंडो सिस्टिम' १९८४ पासून अमेरिकेत एमआयटीच्या 'प्रोजेक्ट अथेना'त स्वतंत्रपणे वाढत होती. ओरेस्ट झ्बोरोव्स्की यांनी ती १९९२ मध्ये लिनक्सवर आणून बसवली. त्याच वर्षी लिनक्सच्या आवृत्तीचा आकडा ०.१२ वरून एकदम ०.९५ वर गेला, कारण १.० आता आलीच असा अंदाज होता. ती यायला मार्च १९९४ उजाडला. 'अर्ध्या तासात होईल' म्हणणाऱ्या प्रत्येक साधकामागे अशी थोर परंपरा उभी आहे.

तात्पर्य असे की लिनक्सचा गाभा असलेले कर्नल हा घराचा मालक आणि डेस्कटॉप हा पोटभाडेकरू. भाडेकरूने दार उघडले नाही म्हणून मालक वारला असे शेजारीपाजारी म्हणत नाहीत. साधकाने म्हणावे.

आता एका निषिद्ध गोष्टीविषयी. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ ही बटणे एकत्र दाबू नयेत. काही लॅपटॉपवर सोबत 'एफएन'ही दाबावे लागते, तेही दाबू नये. दाबल्यास अनेकदा काळ्या पडद्यावर नाव विचारणारी ओळ उमटते, म्हणजे मशीन ठणठणीत असल्याचा पुरावाच समोर येतो. नाव दिले की ते पासवर्ड विचारते. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपका किंवा तारा काहीच दिसत नाही. इथे 'कीबोर्डही गेला' असा दुसरा निष्कर्ष काढण्याची उत्तम संधी आहे, ती दवडू नये.

त्याऐवजी पॉवरचे बटण दाबून धरावे. ही क्रिया दिवसातून कितीही वेळा करता येते. मशीन शहाणपणाने बंद करण्याची एक पद्धत कर्नलमध्ये आहे: ऑल्ट आणि 'सिस्‌आरक्यू' धरून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरे सावकाश एकामागून एक दाबायची. त्यात चालू प्रोग्रामना आधी सांगून आणि मग जबरदस्तीने थांबवले जाते, मेमरीत अडकलेले लिखाण डिस्कवर उतरवले जाते, डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवली जाते आणि मगच मशीन पुन्हा सुरू होते. काही वितरणांत यातल्या काही अक्षरांना मुळातच परवानगी नसते, त्यामुळे प्रयोग अर्धवट राहण्याची सोय तिथे आधीच केलेली आहे. जुन्या मंडळींना कंट्रोल-ऑल्ट-बॅकस्पेसही आठवेल. त्याने एक्स तत्क्षणी बंद पडायचे. लोक ते चुकून दाबून तासाभराचे काम घालवत, म्हणून २००९ च्या सुमारास ते मूळ सेटिंगमध्ये निष्क्रिय करण्यात आले. साधकांची एक जुनी वाट अशी बंद झाली.

काळ्या रंगाविषयी एक गंमत इथेच सांगून टाकलेली बरी. पूर्वी एक्स नुसते सुरू झाले की करड्या, डोळ्यांत खुपणाऱ्या जाळीवर फुलीच्या आकाराचा बाण दिसे. पुढे ती जाळी काढून साधा काळा पडदा ठेवण्यात आला. जुने रूप हवे असेल तर '-रेट्रो' असा पर्याय द्यावा लागतो. म्हणजे काळा पडदा कधीकधी एक्स व्यवस्थित सुरू झाल्याचीच खूण असते, फक्त त्यावर खिडक्या मांडणारा प्रोग्राम आलेला नसतो. यशालाच अपयश समजून ते दुरुस्त करत बसणे हा या साधनेतला वरचा टप्पा मानतात.

लॉगकडे डोळेझाक करणे ही कला आहे. एक्स आपली नोंद /व्हार/लॉग या फोल्डरमध्ये ठेवते, आणि रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार न घेता चालत असेल तर वापरणाऱ्याच्या घरातल्या .लोकल फोल्डरात आत कुठेतरी. बहुतेक ओळींत कंसात दोन अक्षरी खूण असते: ईई म्हणजे चूक, डब्ल्यूडब्ल्यू म्हणजे इशारा, आयआय म्हणजे नुसती माहिती. याहून सोपे करून सांगणे कोणाला शक्य नाही, म्हणूनच धोका मोठा आहे. सिस्टिमडी असलेल्या मशीनवर 'जर्नलसीटीएल -बी' लिहिले की या खेपेची सगळी कहाणी दिसते आणि '-बी -१' लिहिले की मागच्या खेपेची. वाचण्याचा मोह अगदीच अनावर झाला तर फक्त शेवटाकडची एखादी ओळ वाचावी. ती अनेकदा 'नो स्क्रीन्स फाउंड' अशी असते.

ही ओळ साधकांची लाडकी. टेबलावर चोवीस इंची मॉनिटर धडधडीत दिसत असताना यंत्र म्हणते की पडदाच सापडला नाही! मग केबल काढून घालावी, शेजाऱ्याचा मॉनिटर मागून आणावा, दोन्ही मॉनिटरांच्या मागची धूळ पुसावी. प्रत्यक्षात तक्रार मॉनिटरची असतेच असे नाही. ग्राफिक्स कार्ड आणि ते चालवणारा ड्रायव्हर यांची जोडी न जमल्याने चित्र उमटवायला जागा मिळाली नाही, एवढाच बहुतेक वेळा तिचा अर्थ असतो, आणि जोडी का जमली नाही ते आठ-दहा ओळी वर लिहिलेले असते. उलट वर काही ईई ओळी निरुपद्रवीही असतात. एक्स आपणहून चार-पाच ड्रायव्हर चाचपून बघते आणि जो मुळात बसवलेलाच नाही त्याच्या नावाने खडे फोडून पुढे जाते. अशी एखादी निष्पाप ओळ पकडून तिच्या मागे दुपार घालवावी.

ड्रायव्हर म्हटले की एनव्हिडिया आलेच. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या कार्यक्रमात टॉरव्हाल्ड्स यांनी या कंपनीला उद्देशून कॅमेऱ्याकडे बघत मधले बोट दाखवले होते. मे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या कर्नल मॉड्यूलचा स्रोत खुला केला. या दोन घटनांच्या मधल्या दहा वर्षांत किती शनिवार-रविवार गेले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

इथला बिघाड ठरावीक वाटेने येतो. रात्री अपडेटमध्ये नवे कर्नल येते. ड्रायव्हरचे मॉड्यूल प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावे लागते. ते काम 'डीकेएमएस' नावाची व्यवस्था करते, पण त्या कर्नलच्या हेडर फायली बसवलेल्या नसतील तर तिचे हात बांधलेले. सकाळी पडदा काळा. दुसरी वाट 'सिक्युअर बूट'ची: मॉड्यूल बांधले गेले, पण त्यावर मशीनला मान्य असलेली सही नाही, म्हणून कर्नल ते दारातच अडवते. सही मान्य करून घेण्यासाठी ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी मशीन सुरू होताना एक निळा पडदा काही सेकंद थांबतो. साधक त्या सेकंदांत चहा आणायला गेलेला असावा.

सुटकेचे दोन मार्ग इतके सोपे आहेत की ते लिहिताना या शास्त्राशी द्रोह केल्यासारखे वाटते. मशीन सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली कालपर्यंत चालणारे जुने कर्नल बहुधा जागेवरच असते; ते निवडले की काम भागते. नाहीतर त्याच यादीत 'ई' दाबून 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहायचे आणि एफ१० दाबायचे. मग चित्र ओबडधोबड दिसते, पण दिसते, आणि ड्रायव्हर निस्तरायला तेवढे पुरते. हा बदल त्या एका खेपेपुरताच असतो, त्यामुळे त्याने काही कायमचे बिघडण्याची आशाही धरता येत नाही.

डिस्क भरली आहे का, हे पाहू नये. चित्राचा आणि डिस्कचा संबंध काय? संबंध असा की लॉगिन झाल्याबरोबर डेस्कटॉपला चार-दोन छोट्या फायली लिहायच्या असतात. जागा नसेल तर तो मुकाट्याने पुन्हा पासवर्डच्या पडद्यावर आणून सोडतो. पासवर्ड बरोबर, चूक कसलीच सांगितली जात नाही, फेऱ्या चालूच. गूढ वाढवायला ईएक्सटी४ ही फाइल व्यवस्था मदत करते: ती सहसा पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, त्यामुळे रूट सुखाने लिहीत असतो आणि घरचा माणूस दाराबाहेर ताटकळतो. 'डीएफ -एच' ही इवलीशी आज्ञा हे सगळे एका ओळीत सांगते. तिच्यापासून लांब राहावे.

याउलट जुन्या सल्ल्यांवर श्रद्धा ठेवावी. एके काळी 'एक्सफ्री८६' चालवायला मॉनिटरच्या आडव्या-उभ्या वारंवारता स्वतः फाइलमध्ये लिहाव्या लागत आणि चुकीच्या आकड्यांनी काचेचा मॉनिटर बिघडू शकतो, अशी ताकीद सोबतच्या कागदपत्रांत असे. २००४ मध्ये परवान्याच्या शब्दांवरून तो प्रकल्प दुभंगला आणि बहुतेक सगळे 'एक्स.ऑर्ग'कडे गेले. आता एक्स सगळे आपणहून ओळखते; 'एक्सऑर्ग.कॉन्फ' ही फाइल बहुतेक मशीनवर नसतेच. नेमकी म्हणूनच ती कोठून तरी शोधून, दुसऱ्याच कार्डासाठी लिहिलेली, जशीच्या तशी चिकटवावी. चालणारे एक्स बंद पाडण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही.

अर्थात आपल्याकडे मुळात एक्स आहे का, हे न तपासता. एक्सची जागा घेऊ पाहणाऱ्या वेलँडला क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरुवात केली. २०१६ च्या फेडोरा २५ या वितरणाने ते नेहमीचा पर्याय म्हणून स्वीकारले. उबुंटूने १७.१० मध्ये स्वीकारले, १८.०४ मध्ये मागे घेतले आणि २१.०४ मध्ये पुन्हा आणले. वेलँड असेल तर ती फाइल कोणी उघडूनही पाहत नाही आणि साधक तिच्यात रात्रभर स्वल्पविराम शोधत बसू शकतो.

प्रत्येक प्रश्नाला 'वाय' दाबावे. ज्यांना हा नियम फारच सोपा वाटतो त्यांनी दुसऱ्या लिनसचे उदाहरण पाहावे. 'लिनस टेक टिप्स' या यूट्यूब चॅनेलचे लिनस सेबॅस्टियन यांनी नोव्हेंबर २०२१ च्या एका व्हिडिओत पॉप ओएसवर गेम खेळण्यासाठी स्टीम बसवायला घेतले. त्या दिवसांत पॅकेजमध्ये एक गफलत होती. स्टीम बसवायचे तर डेस्कटॉप काढावा लागेल, असे पॅकेजे बसवणाऱ्या 'एपीटी'ने काढायच्या वस्तूंची यादी देऊन सांगितले, हे घातक ठरू शकते असा इशारा दिला, आणि पुढे जायचेच असेल तर 'यस, डू अ‍ॅज आय से!' हे वाक्य उद्गारचिन्हासकट टाइप करायला लावले. त्यांनी केले. डेस्कटॉप गेला, अक्षरांचा पडदा उरला. दोष पॅकेजचा होता आणि तो लवकरच दुरुस्तही झाला, पण लाखो लोकांसमोर असा धडा घालून देणारा साधक विरळाच. त्यांच्या वाटेने गेलेल्यांनी हे लक्षात ठेवून विसरावे की त्याच अक्षरांच्या पडद्यावर डेस्कटॉपचे पॅकेज, उबुंटूवर 'उबुंटू-डेस्कटॉप', पुन्हा बसवता येते. फायली जागेवरच असतात.

नवा वापरकर्ता तयार करून त्याच्या नावाने लॉगिन करून पाहू नये. तो आत गेला तर दोष सिस्टिममध्ये नसून जुन्या वापरकर्त्याच्या घरातल्या एखाद्या फायलीत आहे, हे दोन मिनिटांत कळते आणि रविवार मोकळा पडतो.

सगळे उपाय टाळून झाले की उरतो महामार्ग: 'सुडो स्टार्टएक्स'. साध्या माणसाला डेस्कटॉप मिळत नाही, तर रूटच्या अधिकाराने मागावा. कधी तो मिळतोही. जाता जाता मात्र घरातली '.एक्सऑथॉरिटी' ही छोटी फाइल रूटच्या मालकीची होऊन बसू शकते. पडद्यावर खिडकी उघडायची परवानगी देणारी गुप्त किल्ली, 'एमआयटी-मॅजिक-कुकी-१', तिच्यात असते. लाइटडीएमसारख्या लॉगिन व्यवस्थेला ती घरात लिहावी लागते, आणि मालक रूट असल्याने लिहिता येत नाही. पासवर्ड बरोबर, क्षणभर काळे, पुन्हा पासवर्ड. 'चाऊन' ही आज्ञा वापरून फाइल मूळ मालकाच्या नावावर केली किंवा ती सरळ पुसून टाकली, की काम झाले. पुढच्या लॉगिनला नवी तयार होते.

साधकाने तसे न करता रविवारी संध्याकाळी अख्खी सिस्टिम नव्याने बसवावी. बसवताना फोटो आणि कागदपत्रे जाऊ नयेत म्हणून 'होम'चे पार्टिशन तसेच ठेवावे आणि नावही जुनेच द्यावे. म्हणजे रूटच्या मालकीची ती फाइलही नव्या सिस्टिममध्ये सुखरूप पोहोचते.